पाण्याची चावी कोणाकडे?

(२० मार्चच्या निमित्ताने भिलाईतल्या एका विहाराच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज २० मार्च. दरवर्षी आजच्या दिवशी आपण महाडची आठवण काढतो. लहान मुलं चवदार तळ्यावर भाषणं करतात. मीही करायची. बाबांनी वहीच्या पानावर लिहून दिलेलं एकच भाषण मी चौथीपासून दहावीपर्यंत केलं. आज तुम्ही मला बोलावलं, तेव्हा तुम्हाला वाटलं असेल की बाई रसायनशास्त्र शिकवतात, पाण्याबद्दल चार शास्त्रीय गोष्टी सांगतील. त्या सांगणारच आहे. पण आधी एक कबुली द्यायची आहे.

मी द्वितीय वर्षाच्या मुलांकडून दरवर्षी एक प्रयोग करून घेते. ब्लीचिंग पावडरमध्ये उपलब्ध क्लोरीन किती आहे, ते टायट्रेशन करून काढायचं. आठ वर्षं मी हा प्रयोग घेतला, मुलांच्या जर्नलवर सह्या केल्या. त्या आठ वर्षांत माझ्या स्वतःच्या वस्तीच्या टाकीत पडणारी पावडर मी एकदाही तपासली नाही. ज्या नळाचं पाणी पिऊन मी कॉलेजला जात होते, त्या पाण्यात चाचणीचा एक थेंब टाकला नाही.

माझे बाबा भंडारा जिल्ह्यातून इथे आले. १९५९च्या ४ फेब्रुवारीला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, आणि त्यानंतरची कितीतरी वर्षं विदर्भातून माणसं आगगाडीने इथे उतरत राहिली. बाबा उशिरा आले आणि ठेकेदाराकडे लागले. कायम झाले नाहीत, म्हणून टाउनशिपमध्ये क्वार्टर मिळालं नाही. टाउनशिपचं पाणी मरोद्याच्या जलाशयातून येतं, आणि तो जलाशय तांदुळा धरणाच्या कालव्याने भरतो. आमच्या वस्तीत मात्र आधी हातपंप होता, मग बोअर झाली, आणि पुढे लोखंडी स्टँडवर दहा हजार लिटरची टाकी बसली. साठ-सत्तर घरं, तीनशेच्या आसपास माणसं. टाकी रस्त्याकडच्या घरांजवळ. शेवटची गल्ली आमची. तिच्यात मराठी बौद्ध आणि गुरू घासीदासांना मानणारी सतनामी कुटुंबं.

टाकी सार्वजनिक पैशातून झाली होती. त्यावर कोणाचं नाव नव्हतं. आम्हाला कोणी कधी म्हटलं नाही की या नळाला हात लावू नका. महाडसारखं काही आमच्याकडे नव्हतं, असंच आम्ही समजत होतो. पंपाच्या खोलीची आणि व्हॉल्व्हची चावी रस्त्याकडच्या एका घरी असायची. हिशेबाची वही तिथेच. समिती म्हणून जे चौघं होते, तेही तिकडचेच. वर्षातून एकदा टाकी घासायची असली की निरोप आमच्या गल्लीत यायचा. आमची पोरं दोर बांधून आत उतरायची, गाळ उपसायची, शंभर-दीडशे रुपये घेऊन यायची. टाकीच्या आत आम्ही, चावीजवळ ते. इतकी वर्षं हे डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं.

मग एका पावसाळ्यात गल्लीत कावीळ आली. पहिल्या आठवड्यात दोन मुलं, दुसऱ्या आठवड्यात सात माणसं. माझी वहिनी सात महिन्यांची पोटुशी होती. तिचे डोळे पिवळे झाले तेव्हा घरातल्यांनी आधी झाडपाल्याचं औषध दिलं, मी दवाखान्यात न्या म्हणाले तोवर चार दिवस गेले होते. दवाखान्यात पाचव्या दिवशी ती गेली. बाळही गेलं.

दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा एक विषाणू आहे, हिपॅटायटिस ई. बहुतेक माणसं त्यातून काही आठवड्यांत बरी होतात. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो बाईला झाला, तर चार-पाच जणींतली एक दगावू शकते. वहिनी आमच्याच नळाच्या पाण्याने गेली, हे सिद्ध करणारा कागद माझ्याजवळ नाही. पण ते पाणी निर्दोष होतं, हे सांगणारा कागदही नव्हता. आणि असा कागद तयार करता येणारी एकच व्यक्ती त्या गल्लीत होती. ती मी.

तेराव्या दिवसानंतर मी कॉलेजमधून ओटीची बाटली घेऊन आले. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन. पाण्यात क्लोरीन असलं की त्याच्या थेंबाने पाणी पिवळं होतं. क्लोरीन जितकं जास्त तितकं गडद. टाकीजवळच्या पहिल्या नळावर फिकट पिवळा रंग आला. आमच्या गल्लीच्या शेवटच्या नळावर काहीच नाही, पाणी जसंच्या तसं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेलं असावं लागतं. आणि ते टाकीत मोजून भागत नाही. पाइपातून जाताना क्लोरीन घाणीशी लढण्यात खर्च होतं, म्हणून ते वाटेच्या शेवटच्या टोकाला मोजायचं. पाणीपुरवठ्याच्या शास्त्राचा हा साधा नियम आहे: योजना पास की नापास, हे शेवटच्या नळावर ठरतं.

शेवटचा नळ कोणाचा असतो? ज्या गावाला तुमची मुळं आहेत, ते गाव डोळ्यांसमोर आणा. उत्तर मिळेल.

मी वही मागितली. समितीतल्या एका काकांनी खळखळ न करता दिली, तेवढं त्यांचं श्रेय. रोजच्या तारखेसमोर लिहिलेलं होतं: ब्लीचिंग टाकले. एकच शाई, एकच अक्षर, महिना महिना एका बैठकीत लिहिल्यासारखं. पंपाच्या खोलीत गोणी होती, तोंड उघडं, पावडरीचे खडे झालेले. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत याच पावडरीला टीसीएल म्हणतात. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास उपलब्ध क्लोरीन असतं, आणि त्या हिशेबाने हजार लिटरला ५ ग्रॅम टाकायची. दहा हजार लिटरच्या टाकीला ५० ग्रॅम, मग अर्धा तास थांबायचं आणि नंतर व्हॉल्व्ह उघडायचा. मी त्या गोणीतली पावडर प्रयोगशाळेत नेली. माझ्याच विद्यार्थ्यांनी टायट्रेशन केलं. ११ टक्के निघालं. म्हणजे कोणी मनापासून ५० ग्रॅम टाकली असती, तरी टाकीत एक तृतीयांशच क्लोरीन जात होतं.

दुसरी गोष्ट पाइपाची. आमच्या गल्लीत जाणारा पाइप नालीतून गेला होता. पाणी चालू असताना पाइपात दाब असतो, तेव्हा फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर जातं. पण पाणी दिवसाचे बावीस तास बंद असतं. पाइप रिकामा होताना तो आत ओढतो, आणि बाहेर नाली असेल तर नाली आत येते. त्यावर कोणी नळाला टिल्लू पंप लावला, की ओढ आणखी वाढते. पाणी सुटल्यावर पहिली बादली जी पिवळसर येते, ती हीच.

आता बाबासाहेबांकडे येते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी शाळेतली तहान सांगितली आहे. नळाला हात लावायची मनाई होती. मास्तरांची परवानगी असली तरी भागत नसे. नळ उघडायला चपरासी लागायचा. तो नसला की पाणी नाही. मी हे अनेकदा वाचलं होतं आणि दर वेळी मनात शिवाशिवीच आली. वहिनी गेल्यानंतर वाचलं, तेव्हा पहिल्यांदा दुसरी गोष्ट दिसली. परवानगी एकाकडे आणि नळ दुसऱ्याकडे. हक्क कागदावर असतो, पाणी मात्र ज्याच्या हातात नळ त्याच्या मर्जीने येतं.

महाडचंही तसंच आहे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाडच्या पालिकेने त्याप्रमाणे आपलं तळं खुलं केलं. तीन वर्षं तो ठराव कागदावर पडून होता. १९२७च्या २० मार्चला बाबासाहेबांसह हजारो माणसं तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली. हे आपण सगळे सांगतो. यानंतरचं कमी सांगतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालिकेने आपला ठराव मागे घेतला. पालिकेत बसलेल्यांनी दिलेलं, पालिकेत बसलेल्यांनीच काढून घेतलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचा आपल्या बाजूचा निकाल १९३७च्या मार्चमध्ये आला. दहा वर्षं! तळं सार्वजनिक होतं, पण त्याचा कारभार आपल्या हातात नव्हता.

आणि बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. मजूर खात्याबरोबर सिंचन आणि वीजही त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेच्या बैठका त्यांनी चालवल्या. १९४५ साली देशाच्या जलमार्ग आणि सिंचनासाठी केंद्रीय आयोग उभा राहिला, तोही त्यांच्या काळात. ज्या मुलाला नळ उघडता येत नव्हता, तो देशाच्या नद्यांच्या कारभाराची रचना करत होता. महाड हा पाणी पिण्याचा लढा होता, दामोदर हा पाणी चालवण्याचा. आपण पहिल्याची जयंती करतो, दुसऱ्याचा अभ्यास करत नाही.

आमच्या वस्तीत आम्ही काय केलं, ते सांगते. मोठं काही नाही.

आधी वही केली. रोज सकाळी पहिला नळ आणि शेवटचा नळ, दोन्हीकडे ओटी. दोन आकडे शेजारी शेजारी. गल्लीतल्या तीन मुली हे काम करायच्या, एक दहावीची, दोन बी.ए.च्या. पंचेचाळीस दिवसांची वही झाल्यावर तिची झेरॉक्स घेऊन वॉर्ड ऑफिसात गेलो. याआधी आम्ही तीनदा अर्ज दिले होते: पाणी खराब येते, कृपया लक्ष द्यावे. त्या अर्जांचं काय झालं, देव जाणे. वही पाहिल्यावर साहेबांनी खुर्ची दिली. "इतकं तर आमच्याकडेही नाही," म्हणाले. नगरसेवकाच्या निधीतून नवा एचडीपीई पाइप नालीपासून दूर टाकून मिळाला, आणि टोकाला वॉशआउट, म्हणजे साचलेला गाळ सोडून द्यायचा व्हॉल्व्ह.

मग चावी. तिच्यासाठी दोन बैठका वादावादीत गेल्या. शेवटी ठरलं की समितीत दोन्ही बाजूंची माणसं, निम्म्या बाया, आणि चावी महिन्याला फिरती. बैठक दर पहिल्या रविवारी, आणि ती टाकीजवळ नाही, शेवटच्या नळाजवळ. हिशेब तिथे मोठ्याने वाचायचा. घरटी ५० रुपये. विजेचं बिल, पावडर, पंपाच्या दुरुस्तीसाठी बाजूला टाकायची रक्कम, आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या मुलाचा पगार. तीन विधवा बायांना माफी, तीही सगळ्यांसमोर ठरवलेली. टाकी सहा महिन्यांनी धुवायची, ठरलेल्या मजुरीवर, आणि कोणत्याही गल्लीचा माणूस ते काम घेऊ शकतो. आत उतरण्याआधी झाकण उघडून हवा खेळू द्यायची, वर दोघं उभे राहणार. पहिल्या वर्षी रस्त्याकडचा एकही मुलगा उतरला नाही. दुसऱ्या वर्षी एक उतरला. त्याच्या आईने त्याला घरात घेण्याआधी आंघोळ घातली, असं ऐकलं. असो. उतरला.

चावी आमच्या गल्लीत पहिल्यांदा आली, त्या महिन्यात रस्त्याकडच्या पाच-सहा घरांनी टाकीचं पाणी प्यायचं सोडलं. वीस लिटरचे जार घ्यायला लागले. आम्ही घासलेल्या टाकीचं पाणी ते वर्षानुवर्षं प्याले होते, पण आम्ही औषध टाकलेलं पाणी त्यांना नको होतं. जार कोण भरतो, कोणाच्या बोअरचं पाणी आहे, हे मात्र कोणी विचारलं नाही. दोन घरं परतली, बाकीची आजही जारवर आहेत.

आपल्या लोकांचंही सांगायला हवं. सगळ्यात मोठं भांडण टिल्लू पंपावरून झालं, आणि ते आमच्याच गल्लीत. इतकी वर्षं दाब नव्हता म्हणून सहा घरांनी पंप घेतले होते. नवा पाइप आला, दाब आला, तरी कोणी काढेना. माझ्या सख्ख्या काकांचाही होता. "तू शिकलीस म्हणून आम्हाला कायदा शिकवते का?" असं ते चारचौघांत बोलले. त्यांच्या घरापुढे नळ कोरडा असलेली सतनामी मावशी तिथेच उभी होती. मी म्हटलं, काका, तुमच्यापुढेही कोणीतरी शेवटचं आहे. तीन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी पंप काढलेला दिसला. आजपर्यंत त्यावर आमच्यात एक शब्द झालेला नाही.

अजून सगळं झालेलं नाही. माणशी रोज ५५ लिटर हे ग्रामीण नळयोजनांसाठी जल जीवन मिशनचं मोजमाप. तीनशे माणसांना ते १६,५०० लिटर होतात. आमची टाकी दहा हजारांची. ती दिवसातून दोनदा भरली तर पुरतं, आणि मे महिन्यात बोअर तेवढं देत नाही. दुसरी टाकी आणि शहराच्या मुख्य लाइनीची जोडणी, यासाठी अर्ज चालू आहे. अर्जाला वही जोडली आहे.

तुम्ही म्हणाल, एका गल्लीची गोष्ट. पण टाकी कोणाच्या नजरेखाली आहे, याला किंमत असते. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात वेंगैवयल इथे २०२२च्या डिसेंबरमध्ये दलित वस्तीच्या टाकीत मानवी विष्ठा सापडली. मुलं आजारी पडल्यावर कळलं. आणि आपल्या शेजारीच, दुर्गजवळ बोरईच्या औद्योगिक वसाहतीसाठी १९९८ साली शिवनाथ नदीचा वीसेक किलोमीटरचा पट्टा रेडियस वॉटर या खासगी कंपनीच्या हवाली केला गेला होता. काठच्या मासेमारी करणाऱ्या माणसांना नदीवरून हटकलं गेलं. पुढे छत्तीसगढ विधानसभेच्या लोकलेखा समितीने तो करार रद्द करण्याची शिफारस केली. नदीलाही चावी लावता येते, हे या मातीने पाहिलं आहे. तीच शिवनाथ दुर्ग-भिलाईची तहान भागवते.

आणि नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. राजनांदगावकडच्या अंबागड चौकी भागात कौडीकसा गावाच्या बोअरच्या पाण्यात आर्सेनिक सापडलं, तेव्हा ते पाणी दिसायला स्वच्छच होतं. आर्सेनिकला वास नाही, रंग नाही. क्लोरीन टाकून ते जात नाही. त्यासाठी वर्षातून एकदा प्रयोगशाळेत नमुना पाठवावा लागतो आणि आलेला अहवाल वाचता यावा लागतो. वाचता यावा लागतो, हे महत्त्वाचं. कारण आपल्या घरांत तो वाचू शकणारी पहिली पिढी तुम्ही आहात.

इथे बी.एस्सी. झालेले किती आहेत? हात वर करा. कॉमर्सचे? आयटीआय, डिप्लोमा? बघा, एक पाणी समिती चालवायला लागतं ते सगळं या सभागृहात आहे. कॉमर्सवाल्याने हिशेब लिहावा. फिटरने व्हॉल्व्ह बघावा. मराठी-हिंदी चांगलं लिहिणाऱ्याने अर्ज लिहावा. आपण शिकलो की वस्तीतून बाहेर पडायची घाई होते, आणि त्यात चूक काही नाही. बाबांनी मला त्यासाठीच शिकवलं. पण आपली डिग्री आपल्याबरोबर बाहेर पडते आणि वस्तीच्या वहीत "ब्लीचिंग टाकले" एकाच शाईने लिहिलं जात राहतं. माझ्या बाबतीत ते आठ वर्षं लिहिलं गेलं.

तुमचं गाव भंडारा-गोंदियाकडे असेल, तर सुट्टीत गेल्यावर ग्रामपंचायतीत तीन गोष्टी विचारा. पाणी समितीत आपल्या वस्तीचं कोण आहे? टीसीएल कोण टाकतं आणि साठा कुठे ठेवतात? आपल्या वस्तीच्या शेवटच्या नळावर ओटी शेवटची कधी झाली? जल जीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रत्येक गावात पाच जणींना पाणी तपासणीचं प्रशिक्षण द्यायचं आहे. त्या पाच जणी कोण, त्यांत आपल्या वस्तीची कोणी आहे का, हेही विचारा. विचारताना आवाज चढवायची गरज नाही. वही बरोबर असू द्या.

वहिनीचा फोटो आमच्या घरात आहे. माझी पुतणी, तिची मोठी मुलगी, आता अकरावीला आहे. गेल्या वर्षापासून शेवटच्या नळाची वही ती लिहिते. मी तिला सांगितलेलं नाही की तू लिही. तिने मागून घेतली.

आता चहा आहे म्हणतात. माझ्या पिशवीत ओटीची बाटली आहे. येताना पाहिलं, विहाराच्या मागच्या बाजूला एक नळ आहे, या लाइनीचा शेवटचा दिसतो. आधी तो तपासू, मग चहा घेऊ.

जय भीम.